नानांचा उभा सवाल

तुळशीला पाणी घालणारी माणसं घरोघर असतात. पण अर्थिंगच्या खड्ड्याला रोज सकाळी, आंघोळ करून, ओल्या केसांनी तांब्याभर पाणी घालणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तो म्हणजे जळगावचा माझा घरमालक. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, मीही नानाच म्हणत असे.

खोलीवर राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वरच्या गॅलरीतून हे दृश्य पाहिलं. अंगणाच्या एका कोपऱ्यात तुळस आणि तिच्यापाशी नानांची बायको, म्हणजे अक्का. दुसऱ्या कोपऱ्यात सिमेंटने बांधलेला हातभर चौकोनी खड्डा आणि त्याच्यापाशी नाना. दोघांच्या हातात एकसारखे तांबे. मला वाटलं, घरचं एखादं लाडकं कुत्रं-बित्रं पुरलेलं असणार. अगं बाई, जपून राहायला हवं इथे, असं मनाशी म्हणत मी खाली उतरले आणि सरळ विचारलं. पोटात प्रश्न ठेवून झोपणं मला जमत नाही.

"अर्थिंग आहे मॅडम," नाना म्हणाले. "आत तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा. आपल्या जळगावच्या उन्हात माती वाळून खडखडीत होते. वाळली की ती विजेचा हात सोडते. मग मशीनला हात लावणाऱ्याला झटका. म्हणून पाणी."

"पण रोज?"

"तुळशीला रोजच घालतात ना?" आणि मग त्यांचं ते ठेवणीतलं वाक्य आलं, जे पुढच्या तीन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन. "मॅडम, ज्याला अर्थिंग नाही, त्याला अर्थ नाही."

हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. टीव्हीवर पुढारी भाषण करत असला की "अर्थिंग नाही." शेजारच्यांच्या मुलाने दोन महिन्यांत तिसरी नोकरी सोडली, "अर्थिंग नाही." एकदा मी केलेल्या सांबाराची वाटी त्यांनी चाखून खाली ठेवली, तेव्हा मीच म्हटलं, "कळलं नाना, अर्थिंग नाही." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

खाली त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी, नरडाण्याच्या कारखान्यांतल्या मोठ्या मोटारी, कोणाकोणाचे मिक्सर, सगळं तिथे यायचं. जळकी तार उपसायची आणि नवीन तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी भरायची, हे त्यांचं काम. व्हार्निशचा वास जिन्याने वर माझ्या खोलीत यायचा. माझ्या साड्यांना तो वास इतका बसला होता की शाळेतल्या बाई विचारायच्या, घराला रंग देताय का?

खोली भाड्याने देताना लोक जात विचारतात, लग्न झालंय का विचारतात, मासे खाता का विचारतात. नानांनी मला एकच विचारलं होतं, "विषय कोणता?" मी म्हटलं, विज्ञान. "त्यातलं काय?" म्हटलं, फिजिक्स, नववी-दहावीला शिकवते. "अक्का, चहा टाक," नाना म्हणाले, आणि खोली माझी झाली. मला तेव्हा वाटलं, वा, मास्तरणीला मान आहे या गावात! कारण नाना माझ्यासमोर बसले नाहीत. मी खुर्चीत, अक्का पाटावर आणि नाना उभे. बशीतला चहासुद्धा उभ्यानेच प्यायले. "बसा ना नाना," म्हटलं तर म्हणाले, "उभ्यानं बरं, मॅडम."

पुढेही तेच. वर काही सांगायला आले तर दारात उभे. दिवाळीला फराळाला बोलावलं तर चिवड्याची बशी हातात घेऊन खिडकीपाशी उभे. दुकानात गिऱ्हाईक आलं की हेच नाना स्टुलावर ऐसपैस बसून गप्पा हाणायचे. मी दिसले की उठलेच. आधी मला गंमत वाटली, मग अवघडल्यासारखं झालं, मग सवय झाली.

शर्टाच्या खिशात त्यांचं होकायंत्र असायचं, लोकांच्या खिशात मोबाइल असतो तसं. मी खाट मांडली त्या दिवशी ते घेऊन आले आणि म्हणाले, "डोकं उत्तरेला आहे तुमचं." मी साताऱ्याकडची, आजीचं ऐकून वाढलेली, लगेच खाट फिरवायला लागले. तर नाना म्हणाले, "थांबा. मी करून पाहिलंय." या माणसाने एका वर्षात तीन-तीन महिने चारही दिशांना डोकं करून झोपून पाहिलं होतं आणि वहीत लिहून ठेवलं होतं. वही दाखवली मला. निष्कर्षाच्या जागी लिहिलं होतं, 'फरक काही नाही. पूर्वेला अक्काचं घोरणं कमी.' अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मी नही घोरस! तुमनं डोकं फिरनं शे!" घरात दोघं अहिराणीच बोलायचे, आणि नाना रंगात आले की माझ्याशी बोलतानाही त्यांची मराठी घसरून अहिराणीत जायची.

त्याच वहीत आणखी एक नोंद होती. अक्कांनी बाजारातून गुडघ्याचा चुंबकाचा पट्टा आणला. नानांनी त्याच्याजवळ होकायंत्र धरलं, काटा तसूभर हलेना. "यात चुंबकच नाही," नाना म्हणाले. अक्का म्हणाल्या, "पण मना गुडघा ते बरा शे ना आते!" नानांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, 'अक्काचा गुडघा. कारण माहीत नाही.' मला हा माणूस आवडायला लागला तो त्या ओळीपासून. 'माहीत नाही' असं लिहायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे कळलं, चांगलंच कळलं.

उन्हाळ्यात भर दुपारी वीज जायची. गल्लीत आरोळी उठायची, "लाईट गेलीऽ!" की नाना दुकानातून बाहेर येऊन सूर्याकडे बोट दाखवायचे. "कोठे गई? ती दखा, वर शे!" लोकांना हा विनोद पाठ झाला होता, तरी हसायचे. नाना मात्र विनोद करत नव्हते. एक दिवस जिन्यात मला गाठून त्यांनी विचारलं, "मॅडम, वीज आणि चुंबक हे सख्खे भाऊ. तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की चुंबक होतो. चुंबक फिरवला की वीज होते. हे मी रोज हातानं करतो. पण उजेडाची या दोघांशी सोयरीक काय?"

हे मला येत होतं! मी जिन्यातल्या खिडकीच्या गजाला वाळत घालायची दोरी बांधली, हिसका देऊन तिच्यातून लाट पाठवली आणि सांगितलं, की वीज हलली की चुंबकत्व जागं होतं, ते हललं की पुन्हा वीज जागी होते, एकमेकांना उठवत दोघं धावत सुटतात, आणि त्या धावण्यालाच आपण उजेड म्हणतो. नानांनी दोरी हातात घेऊन स्वतःच एक हिसका दिला. मग म्हणाले, "म्हणजे लाईट ही लाईटच!" धाडधाड जिना उतरले आणि रस्त्यावर जाऊन शेजाऱ्यांना म्हणाले, "अरे, आपण बठ्ठा बरोबर बोलतस!" बठ्ठा म्हणजे सगळे. वर्गात विजेला लाईट म्हणणाऱ्या मुलांना मी टोकायची. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

त्या विजयाने माझं डोकं जरा चढलं असणार. कारण आठच दिवसांनी नाना पुन्हा आले तेव्हा मी पेपर तपासत होते आणि माझा सूर असा होता, की विचारा काय ते, उत्तर तयार आहे.

"वरच्या आगीचं समजलं मॅडम," नाना दारात उभे राहून म्हणाले. "सूर्याच्या उन्हावर केळी पिकते, पाऊस पडतो, धरण भरतं, लाईट येते. पण एक आग खाली पण आहे ना? धरतीच्या पोटात? ती काय करते? नुसती बसून खाते?" मग त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं. "आणि ह्याचा काटा उत्तरेला का जातो?"

"पृथ्वीच्या पोटात मोठा पट्टीचुंबक आहे असं समजायचं, नाना," मी मान वर न करता म्हटलं.

"समजायचं, की आहे?"

"आहे असंच समजायचं."

"धरतीना पोटमा आग शे, मंग तठे चुंबक कसा टिकस?" त्यांचा आवाज बदलला होता. "तापवला की चुंबक मरतो, मॅडम."

आणि मी चिडले. उत्तर येत नसलं की मला राग येतो, ही माझी लहानपणापासूनची खोड. "अहो नाना, पुस्तकात दिलंय! पुस्तक लिहिणारे काय वेडे आहेत का?"

नानांनी होकायंत्र खिशात घातलं, "बरं मॅडम," म्हणाले आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खड्ड्याला पाणी घातलं, पण वर पाहून हात केला नाही. असे चार-पाच दिवस गेले. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

रविवारी अक्कांनी वांग्याचं भरीत केलं आणि मला खाली जेवायला बोलावलं. नाना कोणाची तरी मोटार बसवायला गेले होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडत मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "नाना रागावलेत का माझ्यावर?"

"रागवतीन कशाले?" अक्का म्हणाल्या. मग माझ्या ताटात आणखी भरीत वाढून त्या सांगायला लागल्या. नाना शिंदखेड्याकडचे, लोहाराचे. शाळेत एका मास्तरांनी सकाळी शिकवलं की पृथ्वीच्या पोटात सगळं तापून वितळलेलं आहे. दुपारी त्याच मास्तरांनी शिकवलं की पृथ्वीच्या पोटात मोठा लोहचुंबक आहे. लोहाराच्या पोराला माहीत, लालबुंद लोखंडाला चुंबक धरत नाही. त्याने उठून विचारलं. मास्तर हसले, वर्ग हसला, तरी पोरगं बसेना. तेव्हा मास्तर म्हणाले, "हा येडा सवाल मागे घे, नाही तर बाहेर उभा राहा." त्याने सवाल मागे घेतला नाही. तीन दिवस वर्गाबाहेर उभा राहिला. चौथ्या दिवशी तो शाळेत गेलाच नाही, बापाचा भाता ओढायला बसला. गावात 'येडा चुंबक' हे नाव पडलं, ते लग्नात अक्कांच्या माहेरपर्यंत पोहोचलं होतं.

"म्हणून तर खोली सायन्सवालाले देतस," अक्का म्हणाल्या. "बठ्ठासले तोच सवाल इचारतस. एक म्हणे देवनी करणी. एक म्हणे, नाना, ते लई अवघड शे." त्या हसल्या. "मास्तर लोकसमोर बसत नही ते. आजून उभाच शेतस."

मी हातातला तुकडा ताटात ठेवला. खुर्चीत बसून त्यांच्या उभं राहण्याला मी मान समजत होते! माणूस शिक्षा भोगत होता आणि मी त्यातली पुढची मास्तरीण होते. लाज वाटली मला, खरीखुरी. त्यातही जास्त लाज याची, की तो प्रश्न बरोबर होता. नववीच्या मुलांना आम्हीही तेच दोन धडे शिकवत आलो होतो, एक भूगोलाच्या बाई आणि एक विज्ञानाच्या तासाला मी. ते दोन धडे एकमेकांना कधी भेटलेच नव्हते.

पुढचे दोन आठवडे मी शाळा सुटली की वाचत बसले. कॉलेजातल्या माझ्या सरांना फोन करून पिडलं. सर म्हणाले, "तुला शिकवताना हा प्रश्न मला कोणी विचारला नाही गं!" हळूहळू उकल झाली, आणि झाली तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. पण नानांना जिन्यात गाठून सांगावं, असं मला वाटेना. जिथे हसले होते तिथेच सांगायला हवं होतं, म्हणजे वर्गात.

"नाना, माझ्या वर्गाला एक प्रयोग करून दाखवाल? तापलं की चुंबकत्व जातं, तो. माझ्याकडे ब्लोटॉर्च नाही आणि शाळेत मला कोणी देणार नाही."

नानांचा चेहरा उतरला. "शाळेत? मी?" मग कारणं सुरू झाली. सोमवारी यावलची मोटार आहे. मंगळवारी व्हार्निश सुकवायचंय. बुधवारी अक्काचा गुडघा. शेवटी अक्काच दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मना गुडघानं नाव सांगू नका. जाई या!"

ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. वर्गाच्या दाराशी येऊन थांबले आणि चपला काढल्या. "नाना, चपला असू द्या," मी म्हटलं. "नको मॅडम. अर्थिंग लागू द्या पायाला," ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकले.

पिशवीतून त्यांनी तांब्याची तार काढली, तिला लोखंडी खिळा टांगला. शेजारी चुंबक ठेवला. खिळा तिरका होऊन त्याच्याकडे ओढला गेला, पण तार आखूड, टेकत नव्हता. मग ब्लोटॉर्च पेटवला. खिळा लाल झाला, आणखी लाल झाला, आणि टपकन चुंबकाला सोडून सरळ लोंबकळायला लागला. नानांनी ज्योत बाजूला केली. खिळा काळवंडला आणि पुन्हा हळूच चुंबकाकडे वळला. वर्ग आ वासून पाहत होता. "रागावलेलं माणूस आणि तापलेलं लोखंड सारखंच," नाना म्हणाले. "थंड झाल्याशिवाय कोणाकडे ओढलं जात नाही." मुलं खदखदून हसली. नाना एक क्षण दचकले. मग त्यांच्या लक्षात आलं की हे हसणं वेगळं आहे, आणि तेही हसले.

मी पुढे झाले. "आता सांगा मुलांनो, पृथ्वीच्या पोटात एवढी आग आहे, तर तिथे चुंबक कसा टिकतो?" मुलं खिळ्याकडे पाहायला लागली. "हा प्रश्न माझा नाही, नानांचा आहे. त्यांनी मला विचारला तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं, आणि वर रागावले. पृथ्वीच्या पोटात चुंबक नाहीच."

नानांचा हात तारेवरच थबकला.

मग मी त्यांच्याकडे तोंड करून सांगायला लागले, वर्ग राहिला बाजूला. पोटात वितळलेलं लोखंड आहे. खालच्या आगीने ते तापून वर येतं, निवून खाली जातं, धरती फिरते म्हणून तेही गरगरतं. डाळ उकळताना खळबळते तसं. धातू वाहतो, फिरतो, म्हणून त्याच्यात वीज तयार होते. वीज आली की चुंबकत्व आलं. त्या चुंबकत्वात लोखंड फिरतं, म्हणून पुन्हा वीज.

"पण पहिलं चुंबकत्व कुठून आलं?" नानांनी ताबडतोब विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कपाळावर हात मारला. "जुना डायनामो! मॅडम, जुन्या डायनामोत थोडंसं उरलेलं असतं बघा, चिमूटभर. फिरवायला लागलं की त्या चिमटीवरच वाढत जातं. तसंच ना?"

"अगदी तसंच, नाना. ती चिमूट तिथे आधीपासून होती."

"म्हणजे आग चुंबकाले मारस नही, आग त्याले फिरावस!" नाना सगळ्या वर्गाकडे वळून म्हणाले. "खालनी आगबी कामले लागेल शे! आणि वाइंडिंग? वाइंडिंग कोणी भरली?"

"वाइंडिंग नाही. नुसतं पातळ लोखंड."

"बिनवाइंडिंगनी मोटार!" नानांनी हात जोडले, कोणाला ते मला समजलं नाही. "मंग आमचा धंदा बसला की हो, मॅडम." वर्ग पुन्हा हसला. घंटा झाली, पण कोणी उठेना.

नाना तार गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता थांबले. माझ्याकडे न पाहता, एकदम हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "मॅडम, मंग मना सवाल येडा नव्हता?"

"नाही नाना. सवाल बरोबर होता. उत्तर देणारे चुकले. मीसुद्धा."

त्यांनी मान डोलावली. दोनदा. तार पिशवीत ठेवली, होकायंत्र खिशात नीट बसवलं. मग पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथल्या मुलींनी न सांगता सरकून जागा केली. नानांनी माझ्याकडे पाहिलं, पंचाहत्तरीचा तो माणूस, हाताची घडी घालून, ताठ उभा.

"मंग आते बसू का मी, मॅडम?"